बेस गिटारसाठी स्टाफ नोटेशन कसं वाचायचं

मला पहिल्यांदा छापील चार्ट (गाण्याचं लिहिलेलं पान) हातात मिळाला तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. रेघांवरचे सूर आठवडाभर घोकून पाठ केले होते. तालीम सुरू झाली आणि सातव्या बारला (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला ठराविक मात्रांचा तुकडा) माझी गाडी घसरली. सूर एकही चुकला नव्हता. तिथे अर्ध्या मात्रेची एक रेस्ट, म्हणजे गप्प राहायची जागा, होती, ती मी गिळली आणि सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे निघून गेलो. ड्रमरने मान वर करून माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलो नाही.

बेसवाल्याचं वाचन अडतं ते तालात. बेसचा एखादा सूर चुकला तर फार तर कीबोर्डवाल्याच्या कपाळावर आठी पडेल. जागा चुकली तर अख्खा बँड अडखळतो. तरीही नोटेशन शिकायला बसलेले बहुतेक जण सगळा वेळ कुठल्या रेघेवर कुठलं अक्षर, एवढ्यातच घालवतात. खाली जो क्रम दिलाय त्यात अक्षरांना दोनेक आठवडे पुरे. उरलेला वेळ तालाचा.

लागणारं सामान थोडं आहे: ट्यून केलेला बेस, पेन्सिल, पाच रेघांची म्युझिकची वही आणि मेट्रोनोम, म्हणजे ठराविक गतीने ठोके देणारं यंत्र. फोनवरचा चालेल. मात्र पहिल्या पाच फ्रेटवरच्या सुरांची अक्षरी नावं येत नसतील तर आधी ती पक्की करा. कागदावर सी ओळखला आणि नेकवर तो शोधत बसलात, तर नोटेशनला दोष देण्यात अर्थ नाही.

टॅबला, म्हणजे तारा काढून त्यांवर फ्रेटचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीला, मी नावं ठेवत नाही. कुठली तार, कुठला फ्रेट, हे ती झटकन सांगते. पण सूर किती वेळ धरायचा आणि कुठे सोडायचा हे साध्या टॅबमध्ये बहुधा नसतंच. ते आपण रेकॉर्डिंग ऐकून मनाने भरत असतो. कधी न ऐकलेलं गाणं टॅबवरून वाजवायला घ्या, लगेच लक्षात येईल. स्टाफ आणि टॅब एकाखाली एक छापलेले असतील तर टॅबवर कागदाची पट्टी चिकटवा. डोळा सोप्या वाटेने घसरतोच, त्याला कितीही बजावलं तरी.

पाच रेघा, चार घरं

स्टाफ म्हणजे पाच रेघा. दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेला मी इथे घर म्हणतो. अशी चार घरं. मोजायचं नेहमी खालून वर.

ओळीच्या सुरुवातीला कानाच्या पाळीसारखं दिसणारं चिन्ह म्हणजे बेस क्लेफ. कुठल्या रेघेवर कुठला सूर हे क्लेफवरून ठरतं. त्याच्या उजवीकडे दोन ठिपके असतात, एक चौथ्या रेघेच्या वर आणि एक खाली. हे चिन्ह मुळात एफ हे अक्षर. शतकानुशतकं हाताने लिहिता लिहिता त्याचं हे रूप झालं. म्हणून त्याचं दुसरं नाव एफ क्लेफ, आणि ठिपक्यांच्या मधली रेघ म्हणजे एफ. ११व्या शतकात इटलीतल्या ग्विदो द'आरेत्झो या भिक्षूने एफची रेघ लाल आणि सीची पिवळी काढण्याची पद्धत सांगितली होती, गाणाऱ्यांच्या डोळ्याला आधार मिळावा म्हणून. ही युक्ती आजही चालते. पहिला आठवडाभर सरावाच्या कागदावर चौथी रेघ लाल पेनने गिरवा. दुसऱ्या आठवड्यात गिरवू नका. रेघ काळी असली तरी तुम्हाला लालच दिसेल.

तिथून दोन्ही दिशांना एकेक अक्षर मोजत गेलं की रेघांवर खालून वर जी, बी, डी, एफ, ए येतात आणि घरांत ए, सी, ई, जी. ही अक्षरं लक्षात ठेवायला वाक्यं बनवायची एक जुनी रीत आहे. मला ती आवडत नाही. वाक्य पहिल्या शब्दापासून म्हणावं लागतं, तोवर बार निघून जातो.

आता एक गोष्ट, जी फारसं कुणी आधी सांगत नाही. बेस गिटारचा सूर जिथे लिहिलेला असतो त्याच्या एक सप्तक खाली वाजतो. खुल्या ईची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्‌झ. तो सूर खरोखर जिथला तिथे लिहायचा तर स्टाफच्या खाली चार जादा रेघा ओढून त्यांच्याही खाली लटकवावा लागेल. वाचणाऱ्याचे हाल होऊ नयेत म्हणून सगळं एक सप्तक वर लिहितात. डबल बेससाठी हाच रिवाज आधीपासून होता, बेस गिटारने तोच उचलला. वाजवताना यामुळे काही बदलत नाही. पण पियानोवर ताडून बघायला गेलात तर तुमचा सूर एक सप्तक खाली का येतो हे कोडं पडू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

आधी सहा-तंतू गिटार शिकून आलेल्यांची एक वेगळीच अडचण. गिटारच्या लिखाणातल्या ट्रेबल क्लेफमध्ये सगळ्यांत खालची रेघ ई असते, इथे ती जी. हात जुन्या सवयीने ईवर जातो. मनातल्या मनात भाषांतर करून वाचायची सवय लावू नका, बेस क्लेफ नव्यानेच शिका. भाषांतर सुटता सुटत नाही.

चार खुल्या तारा, चार खुंट्या

सगळ्या जागा पाठ करण्याऐवजी काही जागा इतक्या पक्क्या करा की बघताक्षणी हात तिथे जावा. बाकीचे सूर त्यांच्या शेजारी. बेसवर त्या खुंट्या आयत्या मिळतात, कारण खुल्या तारा स्टाफवर सोयीच्या जागी बसल्या आहेत:

खुली ई: स्टाफच्या खाली, एका छोट्या जादा रेघेवर. या जादा रेघेला लेजर लाइन म्हणतात.
खुली ए: सगळ्यांत खालचं घर.
खुली डी: मधली रेघ.
खुली जी: सगळ्यांत वरचं घर.

यांत तीन सूर मिळवा. दुसऱ्या घरातला सी, म्हणजे ए तारेचा तिसरा फ्रेट. चौथ्या रेघेवरचा एफ, डी तारेचा तिसरा फ्रेट. आणि स्टाफच्या वर पहिल्या लेजर लाइनवरचा सी, जी तारेचा पाचवा फ्रेट. सात खुंट्या झाल्या. पाच तारांचा बेस असेल तर आठवी: खुली बी, स्टाफखालच्या दुसऱ्या लेजर लाइनच्याही खाली.

सराव असा करा. वहीच्या एका ओळीत या सात जागा उलटसुलट क्रमाने लिहा, तीसेक गोळे. मेट्रोनोम ५०वर, म्हणजे मिनिटाला ५० ठोक्यांवर, ठेवा आणि दर दोन ठोक्यांना एक सूर वाजवा. नाव तोंडाने म्हणा आणि त्याच क्षणी वाजवा. चुकलात तरी थांबू नका. दुसऱ्या दिवशी नवी ओळ लिहा, कारण कालची पाठ झालेली असते आणि पाठ झालेली ओळ वाचता येत नाही, ती आठवते. हा फरक पुढेही कामाला येईल.

चार-पाच दिवसांनी शेजारचे सूर मिसळा. रेघेवरून लागूनच्या घरात गेलं की पुढचं अक्षर. बी ते सी आणि ई ते एफ एकाच फ्रेटचं अंतर, बाकी सगळीकडे दोन.

त्यानंतर अक्षरं वाचणं हळूहळू सोडून अंतरं वाचायला लागा. बेसचा निम्मा संसार मूळ सूर, त्याच्यापासून मोजलेला पाचवा आणि आठवा यांच्यावर चालतो, आणि या दोन्ही उड्या कागदावर डोळ्याला ओळखू येतात. पाचव्यासाठी घरातून मधलं एक घर सोडून पुढच्या घरात जायचं, किंवा रेघेवरून एक रेघ सोडून पुढच्या रेघेवर. दुसऱ्या घरातला सी आणि चौथ्या घरातला जी बघा. नेकवर हाच आकार म्हणजे पुढची तार, दोन फ्रेट वर. (बी ते एफ हा अपवाद, तिथे एकच फ्रेट वर.) आठवा मात्र नेहमी रेघेवरून घरात किंवा घरातून रेघेवर पडतो: सगळ्यांत खालच्या रेघेवरचा जी आणि सगळ्यांत वरच्या घरातला जी. नेकवर दोन तारा पुढे, दोन फ्रेट वर. हे दोन आकार डोळ्यात बसले की ओळीतले कितीतरी सूर नाव न घेताच हाताखाली येतात.

ताल

इथून पुढे सुरांना काही दिवस सुट्टी. तारेवर डावा हात हलका ठेवून ती बंद करा आणि फक्त ठोका वाजवा.

टाइम सिग्नेचरमधला वरचा आकडा एका बारमध्ये किती मात्रा ते सांगतो, खालचा आकडा कुठली नोट एक मात्रा धरायची ते. चार-चारमध्ये क्वार्टर नोट एक मात्रेची, हाफ दोन, होल चार, एट्थ अर्धी, सिक्स्टीन्थ पाव. तबल्याची किंवा गाण्याची तालीम झालेल्यांना हे नवं नाही: क्वार्टर बरोबरीत, एट्थ दुगुन, सिक्स्टीन्थ चौगुन. सहा-आठ मात्र सहा सुटे ठोके म्हणून मोजू नका. तीन-तीनचे दोन गट, त्यामुळे पाय बारमध्ये दोनदाच पडतो.

मोजायचं मोठ्याने. एट्थ नोट असल्या की "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि". पाय आकड्यावर खाली, "आणि"वर वर. सिक्स्टीन्थला प्रत्येक मात्रेत "तकधिमि", ट्रिपलेटला (एका मात्रेत तीन सारखे सूर) "तकिट". अक्षरं कुठलीही चालतील, पण रोज तीच हवीत.

बेसच्या ओळीतले बहुतेक सापळे दोन चिन्हांत असतात, डॉट आणि टाय. नोटच्या उजवीकडचा डॉट तिच्या लांबीत निम्मी भर घालतो. क्वार्टरला डॉट म्हणजे दीड मात्रा, तीन एट्थ. डॉटेड क्वार्टर आणि तिच्यामागे एक एट्थ, ही जोडी तर तुम्हाला प्रत्येक पानावर भेटेल. पहिला सूर "एक"वर, दुसरा दोनच्या "आणि"वर. "दोन"वर काहीच वाजत नाही, तिथे फक्त पाय पडतो. गंमत अशी की नवशिका नेमका त्या रिकाम्या "दोन"ला घाबरतो आणि दुसरा सूर घाईने उडवून टाकतो.

दुसरा एक डॉट असतो, नोटच्या डोक्याच्या वर किंवा खाली. त्याचा लांबीत भर घालण्याशी काही संबंध नाही. तो सूर तोडून वाजवायला सांगतो. दोघांत गल्लत करू नका.

टाय म्हणजे एकाच सुराच्या दोन नोटांना जोडणारी कमान. दुसरी नोट छेडायची नाही, पहिलीच धरून ठेवायची. मग एकच लांब नोट का लिहीत नाहीत? एक कारण उघड आहे: सूर बारची रेघ ओलांडून जातो. दुसरं कारण वाचणाऱ्याच्या सोयीचं. चार-चारच्या बारमध्ये तिसरी मात्रा डोळ्याला दिसावी, अशी लिहिण्याची पद्धत आहे. दोनच्या "आणि"वर सुरू होऊन तीनमध्ये शिरणारा सूर म्हणून बहुतेक वेळा दोन तुकड्यांत लिहून टायने जोडतात. हे कळलं की टाय अडचण वाटत नाही; बारचा मध्य कुठे आहे हे तीच दाखवत असते.

अडलेल्या बारवर एकच औषध. बारच्या खाली पेन्सिलीने आठ खुणा करा, एक आणि दोन आणि अशा. ज्या खुणेवर नवा सूर छेडायचा तिच्याभोवती गोल करा. टायचा दुसरा भाग आणि रेस्ट यांना गोल नाही. आता मेट्रोनोम ६०वर ठेवून फक्त गोलांवर टाळ्या वाजवा, तोंडाने सगळ्या आठ जागा म्हणत. टाळी बसली की तारेवर. मी अजूनही अवघड बारला हेच करतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

रेस्ट. होल रेस्ट चौथ्या रेघेला लटकते, हाफ रेस्ट मधल्या रेघेवर बसते. होल रेस्ट संपूर्ण बार गप्प राहायलाही वापरतात, बार तीन मात्रांचा असला तरी. बेसवर रेस्ट आपोआप होत नाही, ती करावी लागते. तार सोडून दिली तर ती घुमत राहते. दाबलेल्या सुरावर डाव्या हाताचं बोट सैल करा, फ्रेटवरून उचला पण तारेवर राहू द्या; खुली तार असेल तर दोन्हीपैकी एका हाताने तिला हळूच स्पर्श करा. हाच माझा सातवा बार होता. मला वाटलं होतं, रेस्ट म्हणजे काही न करणं.

शार्प, फ्लॅट आणि सरगमची सवय

शार्प एक फ्रेट वर, फ्लॅट एक फ्रेट खाली, नॅचरल दोन्ही रद्द करतो. ओळीच्या सुरुवातीला क्लेफनंतर येणारे शार्प किंवा फ्लॅट म्हणजे की सिग्नेचर, आणि ती त्या अक्षराच्या सगळ्या सुरांना लागू, वरच्या-खालच्या सप्तकातही. शार्प नेहमी एफ, सी, जी, डी, ए, ई, बी याच क्रमाने वाढतात आणि फ्लॅट बरोबर उलट क्रमाने, बीपासून. बेस क्लेफमध्ये पहिला शार्प चौथ्या रेघेवर दिसतो, पहिला फ्लॅट दुसऱ्या रेघेवर.

मधेच एखाद्या नोटच्या आधी आलेलं चिन्ह त्या बारपुरतं, त्याच जागेवरच्या सुराला. बारची रेघ ओलांडली की ते पुसलं जातं. सूर टायने पुढच्या बारमध्ये गेला असेल तर तेवढ्या सुरापुरतं टिकतं.

सरगम येणाऱ्यांसाठी एक इशारा. शार्प म्हणजे तीव्र आणि फ्लॅट म्हणजे कोमल असं सरसकट समजू नका. कोमल-तीव्र हे सा कुठे धरलाय त्यावरून ठरतं, आणि सा आपण कुठेही धरू शकतो. स्टाफवरची अक्षरं जागची हलत नाहीत. डी हा सा धरला तर शुद्ध गंधार येतो एफ शार्पवर. कागदावर शार्प आहे, पण कानाला शुद्ध. उलट एक फायदाही आहे: की सिग्नेचर बघून सा कुठे बसेल हे मनात ठरवलंत की पुढची ओळ कानात आधीच वाजायला लागते आणि चुकीचा सूर स्वतःच टोचतो.

कुठल्या तारेवर?

पियानोवर एका लिखित सुराला एकच पट्टी. बेसवर दुसऱ्या घरातला तोच सी ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे आणि ई तारेच्या आठव्यावरही. तिसऱ्या घरातला ई तर तीन जागी मिळतो: डी तारेचा दुसरा फ्रेट, ए तारेचा सातवा, ई तारेचा बारावा. कागद यातली जागा सांगत नाही, आपण ठरवायची.

शिकताना पहिले दोन-तीन महिने एकाच जागी राहा: खुल्या तारा आणि पहिले चार फ्रेट. खालच्या ईपासून स्टाफच्या वर टेकलेल्या बीपर्यंत सगळं इथे मिळतं. ३४ इंच स्केलच्या बेसवर पहिला फ्रेट जवळपास ४८ मिलिमीटर रुंद असतो, बाराव्यानंतरचा त्याच्या निम्मा. तेव्हा खाली चार बोटं चार फ्रेटवर ताणण्याचा हट्ट नको. पहिलं, दुसरं आणि करंगळी वापरून तीन फ्रेट धरायचे आणि चौथ्यासाठी हात सरकवायचा, ही डबल बेसवाल्यांची रीत मनगटाला सोसते. पुढे हेच पान पाचव्या फ्रेटपासून, खुली तार न वापरता वाचा. सुरुवातीला पुन्हा अडाण्यासारखं वाटेल.

एक ओळ, जवळून

आता एक छोटी ओळ. वहीत लिहून घ्या. चार-चार, की सिग्नेचरला एक फ्लॅट, चार बार.

पहिला बार: स्टाफच्या लगेच खाली एफ, डॉटेड क्वार्टर, तोच एफ, एट्थ, दुसऱ्या घरातला सी, क्वार्टर, पहिल्या घरातला ए, क्वार्टर.
दुसरा: दुसऱ्या रेघेवरचा बी, क्वार्टर, क्वार्टर रेस्ट, एट्थ रेस्ट, मधल्या रेघेवरचा डी, एट्थ, पुढच्या क्वार्टर डीला टायने जोडलेला.
तिसरा: सी, क्वार्टर, बी नॅचरलच्या चिन्हासह, क्वार्टर, बी चिन्हाशिवाय, क्वार्टर, सी, क्वार्टर.
चौथा: बी, क्वार्टर, ए, क्वार्टर, खालचा एफ, हाफ.

वाजवण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा. एक फ्लॅट आहे, म्हणजे बी सगळीकडे फ्लॅट. सगळ्यांत खालचा सूर एफ, सगळ्यांत वरचा डी, म्हणजे हात पहिल्या फ्रेटजवळ ठेवून पूर्ण ओळ निघते. अवघड ताल कुठे? दुसऱ्या बारमध्ये. तेवढ्यावर आधी टाळ्या वाजवून घ्या.

मग वाजवा. एफ ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर, पहिल्या बोटाने. "एक"वर, आणि पुन्हा दोनच्या "आणि"वर. सी ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळीने, मग खुली ए. दुसऱ्या बारचा बी फ्लॅट ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर. "दोन" लागताक्षणी तो थांबला पाहिजे. "दोन आणि तीन" तोंडाने चालू, हात गप्प. तीनच्या "आणि"ला खुली डी, आणि ती चारभर घुमत ठेवायची. "चार"वर डी पुन्हा छेडलात तर टाय वाचायची राहिली. तिसऱ्या बारमध्ये दोन्ही बी नॅचरल, ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, कारण चिन्ह बार संपेपर्यंत चालतं. चौथ्या बारचा बी मात्र पुन्हा फ्लॅट. इथे नव्वद टक्के लोक फसतात असं म्हणायचा मोह होतोय, पण मी मोजलेलं नाही. मी स्वतः अशा जागी बरेचदा फसलोय एवढं सांगतो.

रोजचा सराव

वीस मिनिटं पुरे, पण रोज. पाच मिनिटं नुसता ताल, टाळ्या वाजवून. पाच मिनिटं नुसते सूर, तालाशिवाय, नाव म्हणत. दहा मिनिटं दोन्ही एकत्र, आणि त्यासाठी रोज न पाहिलेला कागद.

न पाहिलेलं एवढं आणायचं कुठून? ट्रॉम्बोनच्या अभ्यासाच्या वह्या बघा. ट्रॉम्बोनसाठीही बेस क्लेफ वापरतात, आणि साध्या टेनर ट्रॉम्बोनचा नेहमीच्या वापरातला सगळ्यांत खालचा सूर कागदावर तोच, आपल्या खुल्या ईच्या जागेवरचा. वर गेल्यावर कधी कधी टेनर क्लेफ हा वेगळा क्लेफ येतो, तेवढी पानं सोडून द्या. चेलोचं लिखाणही चालतं, पण चेलो खाली सीपर्यंत जातो. तो सूर चार तारांच्या बेसवर नाही, एक सप्तक वर घ्यावा लागतो.

वाचताना नियम दोन. थांबायचं नाही, आणि मागे जायचं नाही. चूक झाली की ती तिथेच सोडून पुढच्या "एक"ला हजर व्हायचं. थांबून दुरुस्त करायची सवय घरी लावलीत तर तालमीत हात तेच करेल. वारंवार तुटत असेल तर लय कमी करा, ४०पर्यंत गेलात तरी हरकत नाही. ओळ जमली की डोळा पुढे पाठवायला शिका: हात पहिल्या मात्रेवर असताना नजर तिसरीवर. यासाठी कुणाला तरी शेजारी बसवून वाजवत असलेला बार पोस्टकार्डाने झाकायला सांगा. पहिल्या दिवशी राग येतो. आठवड्याने नजर आपोआप पुढे धावते.

खऱ्या चार्टवर

बँडच्या चार्टवर सूर थोडे आणि रस्त्याच्या खुणा फार. दोन ठिपक्यांची जाड रेघ म्हणजे रिपीट. वर कंस आणि १ किंवा २ आकडा असेल तर पहिल्या फेरीत पहिला कंस, दुसऱ्या फेरीत तो गाळून थेट दुसरा. डी.सी. म्हणजे अगदी सुरुवातीला परत. डी.एस. म्हणजे तिरपी रेघ मारलेल्या एस-सारख्या खुणेकडे परत. त्यासोबत "अल कोडा" लिहिलं असेल (कोडा म्हणजे शेवटचा तुकडा) तर परतीच्या फेरीत "टू कोडा"पर्यंत वाजवायचं आणि तिथून गोलात फुली असलेल्या खुणेवर उडी मारायची. टक्क्याच्या चिन्हासारखी खूण म्हणजे मागचाच बार पुन्हा. नुसत्या तिरप्या रेघा आणि वर कॉर्डची नावं असतील तर ओळ तुम्ही बनवायची. जाड आडव्या पट्टीवर ८ लिहिलं असेल तर आठ बार गप्प. ते "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार" असे, बारचा आकडा पहिल्या मात्रेला म्हणत मोजा.

बसल्या बसल्या बोटाने हा रस्ता एकदा पूर्ण फिरून या. डी.एस.ची खूण कुठल्या पानावर आहे तिथे पेन्सिलीने मोठा गोल करा. परतीच्या फेरीत रिपीट साधारणपणे पुन्हा घेत नाहीत, पण गृहीत धरू नका, तालीम सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या.

आणि हरवलात तर? हात थांबवा, पाय नको. ड्रमरच्या फिलवरून, म्हणजे भाग संपताना तो भरतो त्या ठोक्यांवरून, नवा भाग कुठे सुरू होतोय ते कळतं, आणि चार्टवर चौकटीत लिहिलेली ए, बी, सी अशी अक्षरं त्याच जागा दाखवतात. पुढच्या अक्षरावर नजर रोवून बसा, त्याच्या "एक"वर मूळ सूर वाजवा आणि तिथून पुढे चालू लागा. मधले गाळलेले बार भरून काढायला परत जाऊ नका.